पावणेपाचची घंटा

इथं रुद्रपूरला पौष-माघात ऊन नावालाच असतं. सकाळी दार उघडलं की समोरची भिंत दिसत नाही, नुसतं धुकं. नळाच्या पाण्यात हात घातला की बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. थांबली की बरं वाटतं. तसं बरं वाटणं काही खरं नव्हे, पण त्याच्यावर दिवस निघतो.

वाळूजच्या ज्या कंपनीत आमचे हे होते, तिची एक लाइन सहा वर्षांपूर्वी इकडं उत्तराखंडात आली. लाइनीमागं हे आले, ह्यांच्यामागं मी आले. मी एका दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला जाते. खोकी उघडायची, माल भरायचा, पट्टी मारायची. भोंगा वाजला की बसायचं, भोंगा वाजला की उठायचं.

गेल्या रविवारी भाजीबाजारात नवा लाल कांदा आला होता. भाजीवाल्यानं गोणी फोडली आणि म्हणाला, "दीदी, नासिक का है." त्याच्या लेखी महाराष्ट्रातला सगळा कांदा नाशिकचाच. मी एक उचलला. मुळांच्या जटेत काळी माती वाळून बसली होती. ती नखानं उकरत राहिले. इतका वेळ उभी राहिले की तो म्हणाला, "तौल दूँ क्या?" घरात कांदा होता, तरी दोन किलो घेतला.

त्याच्या तीन दिवस आधी धाकट्या भावाचा, उत्तमचा, फोन आला होता. "तायडे, साळवे गुरुजी गेले."

मी म्हणाले, "बरं."

काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं, पण तोवर निघून गेलं होतं. मग म्हणाले, "जेवलास का?" फोन ठेवला, डबा भरला, गॅस बंद आहे का ते तीनदा बघितलं आणि कामावर गेले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. हे लिहितेय ते रडू यावं म्हणूनही नाही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला चार ओळी लिहिता येतात त्या ह्या माणसामुळं, एवढंच कारण.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून पाच किलोमीटर आत. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, एक रांजण आणि एक लिंबाचं झाड. दुसऱ्या मास्तरांची जागा कायम रिकामी, त्यामुळं साळवे गुरुजी हेच हेडमास्तर, हेच शिपाई आणि पहिली ते चौथीचे मास्तरही हेच. ते मुकुंदवाडीला राहायचे. तिथल्या स्टेशनातून पॅसेंजरनं लासूरला उतरायचे आणि तिथं चहाच्या हॉटेलामागं ठेवलेली सायकल काढून गावात यायचे. सायकलचा मडगार्ड खिळखिळा होता. त्याचा खडखडाट पुलाजवळ ऐकू आला की आम्ही ओळीत उभे.

लिंबाला साखळीनं रुळाचा तुकडा टांगलेला होता, हातभर. कुण्या गँगमननं कधीकाळी आणून दिलेला. तीच घंटा. लोखंडी बोल्टनं हाणली की आवाज आधी छातीत जायचा आणि मग शिवारात. हाणल्यावर हात कोपरापर्यंत झिणझिणायचा. तो झिणझिणाट मला आवडायचा. चौथीच्या पोरांना आठवड्याची पाळी असायची आणि पाळीसाठी मारामाऱ्या व्हायच्या.

ही घंटा नुसती शाळेची नव्हती. शाळेच्या तारेला लागून रंगनाथ अण्णांचं रान होतं. त्यांचा कांदा काढायला गावातल्या बाया रोजानं जायच्या, माझी आईपण. आधी कामाची वेळ अण्णांच्या घड्याळावर चालायची. सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, मनगटावर सैल. पण कडूबाई मावशी, आमच्या आईची जोडीदारीण, भर वावरात म्हणायची, "अण्णा, तुमचं घड्याळ सकाळी पळतं अन् संध्याकाळी लंगडतं. त्याला दवाखान्यात न्या." बाया हसायच्या, अण्णा चिडायचे. शेवटी दोघांनी शाळेची घंटा मान्य केली. ती कुणाच्याच बाजूची नव्हती. दहाच्या घंटेला वावरात उतरायचं, दीडच्या घंटेला भाकर, पाचच्या घंटेला घरी. जी बाई घंटेआधी उठेल तिचा अर्धा रोज बुडाला, आणि दुसऱ्या दिवशी तिची जागा दुसरीला.

दीडची घंटा झाली की शाळा आणि वावर एक व्हायचं. बाया तारेखालून वाकून यायच्या, रांजणातलं पाणी प्यायच्या, व्हरांड्याच्या सावलीला फडकी सोडायच्या. आमच्या ताटात खिचडी. त्यांच्या फडक्यात भाकर, ठेचा, कांद्याची कोवळी पात. अदलाबदल व्हायची. कडूबाई मावशीला खिचडी लई आवडायची. "सरकार चांगलं रांधतं गं," म्हणायची आणि माझ्या ताटात बुक्कीनं फोडलेला कांदा टाकायची. गुरुजी खोलीत आपला डबा उघडून बसायचे. कुणीतरी बाई दारातून ठेचा सरकवायची. ते मान वर न करता म्हणायचे, "तिखट आहे का?" "नाय गुरुजी, गोडंय." मग त्यांचा ठसका ऐकू यायचा आणि सगळा व्हरांडा खिदळायचा.

आता माझ्या कंपनीत कँटीन आहे. चांगलं आहे, फुकट आहे. आम्ही ताटं घेऊन रांगेत बसतो आणि फोन बघत जेवतो. मी कुणाला नावं ठेवत नाही. मीपण फोनच बघते.

त्या वर्षी आईला सातवा लागला होता. रांगडा कांदा काढणीला आलेला. दिवसभर उकिडवं बसून पात कापायची, पाटी भरायची, उचलायची, ढिगावर ओतायची. आदल्या वर्षी तिचं सातव्यातच गेलं होतं, त्याच रानात, बांधाजवळ. मला सांगितलं होतं, "आईचं पोट दुखलं." मी नऊ वर्षांची होते. मला सगळं कळलं होतं, पण कळलं नाही असं तोंड करायचंही कळत होतं. बापू लासूरच्या मार्केटात हमाली करायचे. घरी बसायचं आईच्या मनातही आलं नसेल. बसली तर जागा जाते.

चौथीची खिडकी रानाच्या बाजूला होती. मी फळ्याकडं कमी आणि तिकडं जास्त बघायचे. बायांच्या ओळीत आईचं हिरवं पातळ. ते खाली-वर होत राहिलं पाहिजे. थांबलं की मी मोजायला लागायचे. एक, दोन, तीन... वीसच्या आत हललं तर ठीक. ही मोजायची खोड अजून गेलेली नाही. हे घरी यायला उशीर झाला, पोरीचा ताप उतरला नाही, की मी मोजत बसते. कितीपर्यंत मोजायचं ते मात्र आता ठरलेलं नाही.

एके दिवशी दुपार कलल्यावर ते पातळ थांबलं. मी वीसपर्यंत मोजलं. मग चाळीस. कडूबाई मावशी तांब्या घेऊन तिच्याजवळ बसलेली दिसली. आईनं एक हात कमरेला लावला होता, दुसरा जमिनीला. मग ती उठली. मला वाटलं, आता घरी जाईल. ती पाटी घेऊन पुन्हा ओळीत जाऊन बसली.

मी गुरुजींना म्हणाले, "पाण्याला जाऊ?"

त्या आठवड्यात पाळी माझी होती. बोल्ट माझ्याच दप्तरात होता. बाहेर आले, लिंबाखाली गेले आणि शाळा सुटायची लांब घंटा हाणली. हाणतच राहिले. घड्याळात किती वाजले ते बघितलंच नव्हतं.

पुढचं सगळं एकदम झालं. पोरं दप्तरं उडवत बाहेर आली. रानातल्या बाया उभ्या राहिल्या, पदर झटकले, विळे गोळा केले. आईपण उभी राहिली. एवढंच मला बघायचं होतं. गुरुजी दारात आले, हातात खडू तसाच. त्यांनी आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग तारेपलीकडं बघितलं. तिकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"मंगल, दप्तर भर," एवढंच म्हणाले.

अण्णा तारेपाशी आलेच. मनगट वर धरलेलं. "ओ गुरुजी! साडेचार वाजलेत! आज काय सण हे का? माझे दोन वाफे अजून तसेच हेत!"

गुरुजींनी खडूचे हात झटकले. "घड्याळाचा सेल उतरला असंल, अण्णा. बघतो."

"बघा, बघा. सेल मी देतो पायजे तर!"

मी लिंबाच्या बुंध्यामागं उभी होते. माझा मास्तर माझ्यासाठी खोटं बोलला, हे मला त्या वेळी नीट समजलं नाही. माझे हात झिणझिणत होते. घरी आल्यावर आई आडवी झाली. सूर्याकडं बघून म्हणाली, "आज लई लवकर सुटली बाई शाळा." मी चूल पेटवायला गेले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला खोलीत बोलावलं. मी छडीच्या तयारीनं गेले. ते हजेरीपटावर वाकले होते. "कितवा महिना आहे आईला?"

"सातवा."

"हं." हजेरीपट मिटून म्हणाले, "न विचारता घंटा वाजवायची नाही पुन्हा. सगळं गाव तिच्यावर चालतं. अन् पोरांचा अर्धा तास गेला काल. पोरांचा वेळ कुणी खायचा नाही, मी पण नाही." आणि मला जायला सांगितलं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्या शाळेला ओळीत बसवून सांगितलं. कांद्याचा हंगाम आहे तोवर शाळा पावणेदहाला भरेल आणि पावणेपाचला सुटेल. पावणेदहाला घंटा वाजणार नाही. गुपचूप यायचं, गुपचूप बसायचं. दहाला घंटा वाजेल, पण ती आपल्यासाठी नाही.

"मंग कुणासाठी, गुरुजी?" कुणीतरी विचारलं.

"वाऱ्यासाठी," गुरुजी म्हणाले.

पोरांना असला खेळ मिळाल्यावर काय! चाळीस पोरं, पण चपला हातात घेऊन, पावलं न वाजवता शाळेत शिरायची. प्रार्थना पुटपुटत, प्रतिज्ञा तर नुसते ओठ हलवून. हजेरीला गुरुजी नाव हळू घ्यायचे आणि आम्ही हात वर करायचो. माझ्या शेजारी शबाना बसायची. तिला शिंक आली तर ती माझं नाक दाबायची, स्वतःचं नव्हे. "चुप बैठ ना गे, अण्णा सुनेगा!" एकदा पहिलीतल्या एका पोरानं विसरून बोंब ठोकली, "हजर गुरुजी!" आख्खी शाळा त्याच्या तोंडावर पडली. गुरुजी हसू दाबायला फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

मग दहा वाजता पाळीचं पोर बाहेर जाऊन, शाळा आत्ताच भरतेय अशी घंटा हाणायचं. तोवर आमचा एक पाढा होऊन गेलेला असायचा.

पोरांना ते कशासाठी हे कुणी सांगितलं नव्हतं. पण शबाना एकदा म्हणाली, "तेरी अम्मी के वास्ते मैं बिना चाय के आती, मालूम?" म्हणजे माहीत होतं. मी तिला माझ्या वाटणीचा गूळ दिला.

हंगाम संपेपर्यंत असं चाललं. रोज पावणेपाचला आई उठायची. पंधरा मिनिटं. आज मी खोकी मोजते तेव्हा कळतं, पंधरा मिनिटांत फार काही होत नाही. पण उकिडव्या बसलेल्या बाईला शेवटची पंधरा मिनिटंच जड असतात. उत्तम चैत्रात जन्मला, नऊ महिने भरून. रडला तो शाळेच्या घंटेसारखा, असं कडूबाई मावशी म्हणाली.

त्याला सांभाळायला घरी कुणीतरी पाहिजे होतं. पाचवी लासूरला होती, पाच किलोमीटर. मी चौथी पास झाले आणि घरी राहिले. गुरुजी दोनदा घरी आले, बापूंशी बोलले. बापू खाली बघत राहिले. तिसऱ्यांदा आले ते पुस्तकं घेऊन. पुढं उत्तम शाळेत गेला तेव्हा त्याचीही पुस्तकं मीच आधी वाचायचे, दहावीपर्यंतची सगळी. मला त्याचा राग आहे का, असं ह्यांनी एकदा विचारलं होतं. राग नाही. आपणच वाजवलेल्या घंटेवर कसला राग? कधी कधी एखादा फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यापाशी हात थांबतो, तेवढंच.

मला मात्र वाटत राहिलं की हे आमचं गुपित होतं. माझं, गुरुजींचं आणि चाळीस पोरांचं. अण्णांना आम्ही फसवलं. वीस वर्षं ह्या फसवणुकीची मला एक बारीकशी भीतीही होती. गावी गेले आणि अण्णा पारावर दिसले की मी पदर सावरून दुसऱ्या बाजूनं जायचे.

काल उत्तमचा पुन्हा फोन आला. सकाळची वेळ, मी कंपनीच्या गेटबाहेर होते. मी रोज अर्धा तास आधी पोचते. गेट उघडलेलं नसतं. बाहेर सिमेंटचा एक बाक आहे, बर्फासारखा गार, त्याच्यावर बसून राहते. हे मला हसतात. उशीर होईल ही भीती असते, दुसरं काही नाही.

उत्तम रात्रपाळी करून वाळूजहून आला होता, आवाज जड होता. मुकुंदवाडीच्या विहारात गुरुजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आपल्या गावातनं टेम्पो भरून माणसं गेली, असं सांगत होता. "अन् तायडे, रंगनाथ अण्णा आले व्हते. काठी टेकत. वंदना झाल्यावर लोक बोलायला लागले, तर हे उठले."

"अण्णा? काय बोलले?"

"म्हणले, मी त्या काळी पहाटं कांदा घेऊन लासूरच्या मार्केटला जायचो. एका हंगामात रोज बघायचो, गुरुजी स्टेशनच्या बाकावर बसलेले. सात वाजता. मफलर गुंडाळून, पोरांच्या वह्या तपासत. म्हणलं गुरुजी, तुमची गाडी तर साडेनऊची ना? तर म्हणले, साडेनऊच्या गाडीनं शाळंत दहाच होतात, मला पावणेदहाला पायजे. मधी गाडीच नाय. मी म्हणलं, मंग शाळंत जाऊन बसा की, इथं गारठता कशाला? तर म्हणले, येवढ्या सकाळी गेलो तर गाव विचारंल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मंग अण्णा हसले, तायडे. हात वर केला, ते सोनेरी घड्याळ अजून हे त्यांच्या हातात. म्हणले, माझ्या मनगटाला घड्याळ व्हतं. घंटा रोज पाव तास आधी वाजायची, मला काय दिसत नव्हतं? पण तो माणूस माझ्या रानातल्या बाईसाठी दोन-दोन तास थंडीत बसतोय, अन् ती त्याची कुणीच नाय. मंग म्या काय बोलायचं? अन् बाया टिकल्या हंगामभर, माझाबी फायदाच झाला. असं म्हणले अन् खाली बसले." मग उत्तमनं हळूच विचारलं. "ती बाई आपली आई ना? अन् पोटात..."

"गप," मी म्हणाले.

"गपच हे. तू सांगितलं नाय कधी."

"आईला दे फोन."

आईनं फोन नेहमीसारखा उलटा धरला होता, आवाज लांबून येत होता. गुडघे कसे आहेत ते विचारलं. मग विचारलं, "आई, तुला म्हाईत व्हतं? पावणेपाचचं?"

"आगं, म्हाईत नसायला काय? आम्हा बायांना सावली कळत न्हाय व्हय? लिंबाची सावली तारेला लागली की पाच. त्या हंगामात सावली तारेच्या दोन हात अलीकडंच असायची अन् घंटा व्हायची. कडूबाई तर पैल्याच दिशी हसली."

"मंग बोलली नाय कधी तू?"

"काय बोलायचं? बोललं की मोडतं."

"पण वेळ कळत व्हता तर घंटेची वाट कशाला बघायची? आधीच उठायचं ना."

आई जराशी हसली, मी अजून चौथीतच आहे असं. "सावली बघून उठता येतं का, बाई? उठायला घंटा लागती."

फोन बंद झाला. मी बाकावर बसून होते. धुक्यात कशाचीच सावली पडलेली नव्हती. हातमोजे पिशवीतच राहिले होते आणि बोटं दुखायची केव्हाच थांबली होती. मी ती एकमेकांवर चोळायला लागले. बराच वेळ काही नाही. मग एका हाताच्या टोकाला हळूच झिणझिण्या आल्या, रुळावर बोल्ट हाणल्यावर यायच्या तशा, कोपरापर्यंत.

भोंगा व्हायला अजून पंधरा मिनिटं होती.